अठराव्या लॉकमधलं पाणी

१

मांजरपाटाच्या पिशवीतून माधवरावांनी वही बाहेर काढली, आणि ती वही नव्हतीच.

आकार तोच, वजनही जवळपास तेवढंच. पण हातात आलं ते कालव्यावरच्या होड्यांचं रंगीत चित्रांचं पुस्तक, इंग्लंडातल्या दुकानांतून पर्यटकांना विकतात तसलं. त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. सूटकेस उपसली. अर्ध्या तासात अड्यारच्या त्या छोट्या फ्लॅटमधलं एकही कपाट धड राहिलं नाही. मग ते घामाघूम अवस्थेत एक मजला उतरून खाली आले आणि विद्यालक्ष्मीबाईंचं दार वाजवलं.

"विद्याबाई, माझ्याकडे चोरी झालीय. आणि चोर कोण तेही मला ठाऊक आहे."

विद्याबाईंनी एकतीस वर्षं चेन्नई बंदरात मालाच्या नुकसानीचे सर्व्हे केले होते. जहाजातून आलेला माल भिजलेला, फुटलेला, कमी भरलेला निघाला की तो नेमका कुठे बिघडला हे ठरवायचं त्यांचं काम. समुद्रात, जहाजाच्या पोटात, की धक्क्यावरच्या गोदामात? निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी बिल्डिंगमध्ये कुणाचं काही हरवलं की लोक आधी त्यांच्याकडे येत. त्यांचं घराणं तंजावरचं. त्यांच्या मराठीला दोनशे वर्षांपूर्वीचा वास आणि तमिळचा हेल होता.

"अय्यो, अगोदर बसा तर," त्या म्हणाल्या. "आता सांगा. कोंचं गेलं?"

"वही. माझी आणि शेषाद्रीची."

ती वही विद्याबाईंनी पाहिली होती. माधवराव तरुणपणी महाराष्ट्रातून मद्रासला आले ते एका कापड गिरणीत विणकामाचे मास्तर म्हणून. शेषाद्री त्याच गिरणीत रंगारी. गिरणी बंद पडून तीस वर्षं झाली होती, यंत्रं भंगारात गेली, पण बावीस वर्षांत दोघांनी काढलेल्या प्रत्येक चौकड्याचा तुकडा त्या वहीत चिकटवलेला होता. डाव्या पानावर माधवरावांच्या हातची विणीची मांडणी, उजव्या पानावर शेषाद्रींच्या हातची रंगाची कृती. दुसरी प्रत नव्हती.

"गिरणीतल्या मागांवर लोखंडी पट्टी असायची," माधवराव म्हणाले, "तिच्यावर ते माग बनवणाऱ्या गावाचं नाव, हेथरली. बावीस वर्षं मी ते नाव रोज वाचलं. माझी पंचाहत्तरी झाली तेव्हा अर्चना म्हणाली, बाबा, चला, तुम्हाला ते गाव दाखवते."

म्हणून मे महिन्यात चौघं इंग्लंडला गेले होते. माधवराव, त्यांची मुलगी अर्चना, जावई गिरिधर आणि शेषाद्री. आगगाडीच्या डब्यासारखी लांब, अरुंद होडी भाड्याने घेतली होती. तीतच स्वयंपाक, तीतच झोप, आणि होडी चालवायचीही आपणच. आठ दिवस डोंगरातल्या कालव्यातून एकेका जुन्या गिरणीगावाला जायचं. दुसऱ्याच दिवशी हेथरली आलं. तिथल्या संग्रहालयाने वही पाहून माधवरावांना खुर्चीत बसवून चहा पाजला. त्यानंतर त्यांनी ती पिशवीत बांधून ठेवली, ती आज उघडत होते.

"आणि चोर?"

"शेषाद्री," माधवराव म्हणाले. "त्याचा मुलगा सुधींद्र कोइमतूरला कापड रंगवायचा कारखाना काढतोय. निघण्यापूर्वीच शेषाद्री मला म्हणाला होता, माझी पानं मला सोडवून दे. मी नाही म्हटलं. प्रवासात पाचव्या दिवशी हा दुपारभर गायब. संध्याकाळी आला तो हात हलवत. आत्ता फोन करून सरळ विचारलं, तर म्हणतो कसा, 'मला काही विचारू नकोस, माधवा.' निर्दोष माणूस असं बोलतो?"

"मग तुम्ही कोंचं म्हणालात?"

"चोर म्हणालो. रविवारी तो कायमचा कोइमतूरला चाललाय. जाऊ दे. पन्नास वर्षं ओळखत होतो मी त्याला, असं समजत होतो."

विद्याबाईंनी रिकामी पिशवी उचलून खिडकीच्या उजेडात धरली होती.

"माधवराव," त्या हळूच म्हणाल्या, "ही रेघ कधीची?"

२

पिशवीच्या तळापासून चार बोटांवर एक निळसर रेघ होती. तिच्या खाली कापडाला फिकट निळा आणि मधूनच तांबूस झाक आली होती.

"विमानात काहीतरी सांडलं असेल," माधवराव म्हणाले.

"सांडलेलं पाणी ओघळतं. ही रेघ आडवी आहे, अगदी पट्टीने मारल्यासारखी. पिशवी उभी होती आणि चार बोटं पाण्यात होती. चांगला वेळ होती."

त्यांनी आतल्या खोलीतून एक काळी बाटली आणली. बंदरावर जन्मभर हिनेच त्यांना साथ दिली होती. भिजलेल्या पोत्यावर हिच्यातले दोन थेंब टाकायचे. पाण्यात मीठ असेल तर थेंब दुधासारखा पांढरा होतो, नसेल तर तसाच स्वच्छ राहतो. त्यांनी पिशवीचा डागाळलेला कोपरा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात भिजवला आणि ते पाणी एका वाटीत पिळलं. दुसऱ्या वाटीत स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घेतलं. दोन्हींत दोन-दोन थेंब टाकले.

नळाचं पाणी क्षणात दुधाळलं.

पिशवीचं पाणी निळसर होतं, ते निळसरच राहिलं. वाटीच्या तळावर कोरलेलं नाव स्पष्ट दिसत होतं.

"आपल्याकडचं बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, अस्कं खारट," विद्याबाई म्हणाल्या. "हे पाणी इथलं नव्हे. हे डोंगरातलं गोडं पाणी."

"म्हणजे वही तिकडेच भिजली?" माधवरावांनी वाटीकडे पाहिलं. "पण पाऊस तर एक दिवसही लागला नाही आम्हाला."

"दुसऱ्या दिवशी संग्रहालयात वही कोरडी होती. त्यानंतर कोंचं कोंचं घडलं ते सांगा."

माधवरावांनी सांगितलं. तिसरा दिवस सपाट कुरणांतला. चौथ्या दिवशी डोंगर. तिथे कालवा पायऱ्या चढल्यासारखा चढतो, आणि त्या प्रत्येक पायरीला म्हणतात लॉक. पुढे-मागे दारं असलेला पाण्याचा एक अरुंद हौद. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातल्या झडपा हँडलने उघडून वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरला की होडी वर येते. त्या डोंगरावर अशी एकवीस लॉक एकापुढे एक होती.

"सतराव्यापर्यंत मी पुढच्या बाकावर बसून होतो. मग कंटाळलो. वर एक बंद गिरणी दिसत होती, अजून चालणाऱ्या घड्याळाचा मनोरा असलेली. मी उतरून चालत वर गेलो. पिशवी तिथेच, होडीच्या पुढच्या दाराच्या आत जमिनीवर ठेवलेली." त्यांचा चेहरा थोडा निवळला. "काय गिरणी होती! तिच्या कठड्याशी उभं राहून मी खाली अर्चनाला हात केला. तिनेही केला, दोन्ही हात वर करून. पाचवीतल्या मुलीसारखा."

"मग होडी वर आल्यावर पिशवी उघडलीत?"

"नाही. अर्चनाने तोवर ती माझ्या सूटकेसमध्ये नीट ठेवून दिली होती."

३

अर्चना दोन रस्ते पलीकडे राहत होती आणि अड्यारमधल्याच एका शाळेत गणित शिकवत होती. दुपारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत विद्याबाई तिच्यासमोर बसल्या. टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता.

"बाबांचा फोन आला होता," अर्चना म्हणाली. "विद्याअक्का, मी आधीच सांगते, शेषाद्रीकाकांनी वही घेतलेली नाही."

"कशावरून?"

"ते तसे नाहीत."

"तसं तुझे बाबाही काल म्हणाले असते. बरं, वही शेवटची कधी पाहिलीस?"

अर्चनाने उत्तर तयारच ठेवलं होतं. "चौथ्या दिवशी. अठराव्या लॉकमध्ये शिरलो तेव्हा मी होडीच्या आतच होते, पुढच्या दाराशी. पिशवी माझ्या मांडीवर होती. खिडकीतून वरच्या गिरणीचं घड्याळ दिसत होतं, सव्वातीन झाले होते. नंतर मी ती बाबांच्या सूटकेसमध्ये ठेवली. त्यानंतरचं मला माहीत नाही."

"पिशवी ओली होती?"

वह्यांच्या गठ्ठ्याचे कोपरे जुळवणारा तिचा हात थबकला, मग पुन्हा चालू झाला. "नाही."

"तुझ्या शेषाद्रीकाकांना चोर ठरवून इथून जावं लागतंय, अर्चना. रविवारी."

"मला माहितेय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते दिसू नयेत म्हणून ती खिडकीकडे वळली. "अक्का, तुम्ही यात पडू नका ना. दोन महिन्यांत सगळं आपोआप ठीक होईल."

विद्याबाई जिन्यावरून उतरता उतरता थांबल्या. हरवलेली वस्तू दोन महिन्यांनी मिळेल असं कोण सांगतं? ती कुठे आहे हे ज्याला माहीत असतं, तोच.

४

नुंगंबाक्कममधल्या शेषाद्रींच्या घरात पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत गेली होती. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. रंगाऱ्याचा हात पाहिला की ओळखू येतो. निवृत्तीला तीस वर्षं होऊनही त्यांच्या नखांच्या कडा किंचित निळ्या होत्या. तेही तंजावरचेच, त्यामुळे दोघांचं बोलणं घरच्या मराठीत सुरू झालं.

"अस्कं विचारा, अक्का," ते म्हणाले. "वही सोडून."

"मग वहीचं मीच सांगते. ती भिजली."

शेषाद्री खोक्यावर दोरी बांधत होते. दोरी तशीच हातात राहिली.

"पिशवीला रंग लागलाय," विद्याबाई म्हणाल्या.

"कोंचा?"

"निळा आणि तांबडा."

"जास्त कोंचा? निळा की तांबडा?"

"निळा. तांबडा थोडासाच."

शेषाद्रींनी हलकेच श्वास सोडला. "तांबड्याने सूत धरून ठेवलं म्हणायचं," ते स्वतःशीच पुटपुटले. लगेच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी दोरीची गाठ दोनदा आवळली. "मी चाललोच आहे, अक्का. माधवाला राग काढायला कुणीतरी हवा. माझ्यावर काढू दे. माझं काय जातं?"

"पन्नास वर्षं जातात."

निघताना त्यांनी विद्याबाईंना दारापर्यंत सोडलं आणि विचारलं, "तो जेवतोय ना वेळेवर?"

रिक्षात बसल्यावर विद्याबाई मनात सगळं पुन्हा लावून पाहू लागल्या. वही भिजली असं ऐकल्यावर कुणीही आधी विचारेल, कशी भिजली? कुठे? शेषाद्रींनी ते विचारलंच नाही. रंग किती उतरला, एवढंच विचारलं.

म्हणजे वही भिजली हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मग ज्या माणसाला वही हवी होती त्याने ती पाण्यात जाऊ दिलीच कशी?

५

गिरिधर ओरगडमच्या एका ट्रक कारखान्यात इंजिनिअर होता. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत त्याने कँटीनमधूनच फोन घेतला. मागे ताटांचा खणखणाट चालू होता.

"होडी मीच चालवायचो, अक्का. मागच्या टोकाला उभं राहून. वही-बिहीचं मला खरंच काही माहीत नाही."

"मला वहीचं नको. लॉकमध्ये शिरल्यावर होडीतून कोंचं दिसतं तेवढं सांग."

"काहीच नाही!" गिरिधर हसला. "चढताना होडी रिकाम्या हौदाच्या तळाशी असते ना. विहिरीच्या तळात उभं राहिल्यासारखं. दोन्हीकडे काळी, ओली भिंत. पुढे दार. वर आभाळाची एक पट्टी. थांबा, फोटो पाठवतो."

फोटो आला. होडीच्या आतून काढलेला, पुढच्या दाराशेजारच्या खिडकीचा. काचेपासून वीतभर अंतरावर शेवाळलेले दगड, त्यांच्यातून पाणी झिरपतंय. दुसरं काही नाही.

विद्याबाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "हा कितव्या लॉकचा?"

"कुठलाही धरा, सगळे सारखेच."

"आणि वर काठावर हँडल कोण फिरवायचं?"

"अर्चना किंवा शेषाद्री मामा, आळीपाळीने. खालून मला कोण आहे ते दिसत नसे. अठराव्यात मात्र होडी अशी दचकली की माझा तोल गेला. मी जोरात ओरडलो, तेव्हा कुठे वरून झडपा बंद झाल्या. पुढे जरा पाणी उडालं असेल. लांबून कळलं नाही."

"त्या संध्याकाळी आणखी काही?"

"संध्याकाळी?" गिरिधर आठवू लागला आणि एकदम म्हणाला, "हां, आइस्क्रीम! मामांनी फ्रीझर रिकामा करायला लावला. म्हणाले, बिघडलाय. दोन मोठे डबे आइस्क्रीम आम्ही चौघांनी संपवलं, आणि मटारच्या तीन पिशव्या. पुढचे दोन दिवस मटारच खात होतो. पण अक्का, फ्रीझर छान घरघरत होता. मी मेकॅनिकलवाला माणूस, मला कळत नाही? म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला घालायचा म्हणून गप्प बसलो."

"आणि दुसऱ्या दिवशी ते दुपारभर गायब झाले."

"पाय दुखतोय, डॉक्टरला दाखवतो म्हणाले. मीच बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. बरोबर ती थंड ठेवायची पिशवी घेतली होती, म्हणाले पायाला बर्फ लावायला. बस हेथरलीची होती."

विद्याबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना बंदरावरची एक जुनी गोष्ट आठवली. एका जहाजाचे सगळे कागद समुद्राच्या पाण्यात भिजले होते. तेव्हा त्यांच्या साहेबांनी ते वाळवू दिले नव्हते, तर कासिमेडूच्या मासळीच्या शीतगृहात नेऊन गोठवले होते.

"गिरिधर," त्या म्हणाल्या, "वही सापडली."

६

शनिवारी सकाळी त्यांनी अर्चनाला आपल्या घरी बोलावलं, समोर कॉफी ठेवली आणि गिरिधरने पाठवलेला फोटो दाखवला.

"तू म्हणालीस, लॉकमध्ये शिरताना तू आत बसली होतीस आणि खिडकीतून गिरणीचं घड्याळ दिसत होतं. या खिडकीतून दगड दिसतात."

अर्चनाने फोटो पाहिला आणि खाली ठेवला.

"घड्याळात सव्वातीन झाले होते हे मात्र खरं असणार," विद्याबाई पुढे म्हणाल्या, "कारण तशी वेळ कुणी उगाच सांगत नाही. तू ते पाहिलंस, पण काठावरून. त्याच वेळी तुझ्या बाबांनी वरून तुला हात केला आणि तू दोन्ही हात वर केलेस. होडीत बसलेल्या माणसाला गिरणीवरून कोण ओळखणार? तू वर लॉकच्या दारापाशी होतीस. हँडल तुझ्याकडे होतं. झडप एकदम उघडली गेली, पाणी होडीच्या पुढच्या भागात धबधब्यासारखं पडलं आणि उघड्या दारातून आत शिरलं. पिशवी जमिनीवर होती."

"मी दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या होत्या," अर्चना म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "एक-एक करून, हळूहळू उघडायच्या असतात. आम्हाला बजावून सांगितलं होतं. पण वर पाहिलं तर बाबा त्या गिरणीसमोर उभे होते आणि टोपी काढून हलवत होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, अक्का. मी खाली बघितलंच नाही."

"मग शेषाद्री?"

"काका आत कॉफी करत होते. त्यांनीच पिशवी पाण्यातून उचलली. वही उघडली तर निळा रंग शाईसारखा पसरत चालला होता. मी रडायलाच लागले. ते म्हणाले, रडू नकोस, रंग ओला आणि उबदार असला की पळतो, गारठला की जागच्या जागी थांबतो. आणि त्यांनी वही फ्रीझरमध्ये घातली."

"आणि दुसऱ्या दिवशी गोठलेली वही हेथरलीच्या संग्रहालयात पोचवली."

अर्चनाने मान हलवली. "तिथल्या बाई म्हणाल्या, दोन महिने लागतील, पण बरीचशी वाचेल. पिशवी मी धुऊन वाळवली आणि तिच्यात दुसरं पुस्तक घातलं. वही हाती आली की काका स्वतः बाबांना सांगणार होते. पण बाबांनी पिशवी आधीच उघडली."

"त्यांनी चोर म्हटलं, तेव्हा तरी बोलायचंस."

"मी बोलणारच होते. काकांनी अडवलं. म्हणाले, माझ्यावरचा राग त्याला दोन महिने पुरेल, मग वही आली की तो मला शिव्या घालून मोकळा होईल. पण तुझ्या हातून भिजली हे कळलं तर तुझ्याकडे बघताना त्याला रोज ती आठवेल." तिने डोळे पुसले. "मला ते पटलं. कारण मला पटवून घ्यायचंच होतं."

रागावण्यासारखं पुष्कळ होतं, पण विद्याबाईंना राग येईना.

"तुम्ही दोघं मिळून माधवरावांना फारच कच्चं समजलात," त्या म्हणाल्या. "ज्या माणसाने अख्खी गिरणी बंद पडताना पाहिली, तो चार बोटं पाण्याने मोडेल? उद्या शेषाद्री चोर म्हणून गेला आणि मग वही परत आली, तर मोडेल. तेव्हा मात्र नक्की मोडेल."

"तुम्ही सांगाल त्यांना?"

"मी नाही सांगणार."

अर्चना उठली. दारापाशी क्षणभर थांबली आणि मग जिना चढून वर गेली.

विद्याबाई खाली वाट पाहत बसल्या. वरच्या मजल्यावर दार उघडलं, खुर्ची सरकली. मग काहीच ऐकू येईना. रागावलेला आवाज नाही, रडणं नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कॉफी गार होऊन वर साय धरली. आपला हिशेब चुकला की काय असं पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, आणि त्या उठून जिन्याकडे निघाल्या.

तेवढ्यात माधवराव खाली आले. पायात चपला, अंगात बाहेर जायचा शर्ट, एक बटण चुकीच्या काजात. मागे अर्चना, तिचा हात त्यांच्या हातात घट्ट धरलेला.

"मी तिला हात केला होता," ते म्हणाले. "तिने बघावं म्हणूनच केला होता. आणि ही एवढे दिवस एकटीच..." मग दाराकडे वळत ते म्हणाले, "रिक्षा बोलवा, विद्याबाई. मला नुंगंबाक्कमला जायचंय. तुम्हीही चला, माझं तिथे बोलणं अडलं तर कुणीतरी हवं."

७

शेषाद्रींनी दार उघडलं. माधवरावांमागे अर्चनाला पाहून त्यांना सगळं कळलं. ते दार धरून उभेच राहिले.

"चोर म्हणालो तुला," माधवराव म्हणाले.

"म्हणालास."

"चुकलं माझं. फार चुकलं, शेषाद्री."

"सरी. आत ये अगोदर. शेजारी ऐकतायत."

आत बसायला जागा नव्हती. दोघं म्हातारे दोन खोक्यांवर समोरासमोर बसले. अर्चना जमिनीवर शेषाद्रींच्या पायाशी बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माधवरावांवर डोळे वटारले. "पोरीला काही बोलला नाहीस ना?"

"मी कशाला बोलू? तुलाच बोलणार आहे. मला न सांगता माझी वही बर्फात घातलीस!"

"न घालता काय करणार होतो? तुला विचारायला गिरणीपर्यंत पळत येणार होतो? तोवर निळा माझा अर्धा कालव्यात गेला असता."

"तुझा निळा? विणलं कुणी होतं ते?"

विद्याबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. हे असंच चालत आलं होतं.

शेषाद्रींनी फोन काढला. संग्रहालयाचं पत्र कालच आलं होतं, पण ते कुणाला दाखवावं हे त्यांना सुचत नव्हतं. अर्चनाने ते वाचून मराठीत सांगितलं. वही हळूहळू वाळतेय. कापडाचा प्रत्येक तुकडा शाबूत आहे. विणीची सगळी पानं वाचता येतात. मात्र रंगाच्या कृतींपैकी अडतीस पानांवरची शाई पुसट झाली आहे. ज्यांनी ते रंग केले ते अजून असतील आणि त्यांना आठवत असेल, तर त्यांनी पुन्हा लिहून पाठवाव्यात अशी विनंती. खाली पानांचे आकडे दिलेले होते.

माधवरावांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला. यादीवरून बोट फिरवत फिरवत ते थांबले.

"त्रेसष्ट. हा विटकरी चौकडा ना, पांढऱ्या रेघेचा? आठवतोय?"

"आठवतोय का, म्हणे," शेषाद्री म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. निळसर नखांची बोटं हवेत काहीतरी मोजू लागली. "तुरटीच्या पाण्यात सूत एक रात्र. मग आलाच्या झाडाच्या तांबड्या मुळांचं पाणी, मंद आचेवर, हात पोळेल न पोळेल इतपत..."

"दोन रात्री," माधवराव म्हणाले.

"एक."

"दोन! मी माग थांबवून बसलो होतो त्या सुतासाठी. दोन दिवस बसलो होतो."

"तो पाऊस होता म्हणून! सूत वाळत नव्हतं!"

अर्चना हसू लागली. विद्याबाईंनी एका खोक्यावरून पॅकिंगचा कोरा कागद ओढला, पर्समधून पेन काढलं आणि वरती त्रेसष्ट असा आकडा घातला.

"भांडू नका. मी दोघांचं लिहिते."

शेषाद्रींचा फोन वाजला. कोइमतूरहून सुधींद्र होता. उद्याची गाडी किती वाजता पोचते आणि खोक्यांसाठी टेम्पो किती मोठा सांगू, असं विचारत होता. शेषाद्रींनी समोर बसलेल्या तिघांकडे पाहिलं, मग खोक्यांच्या भिंतीकडे.

"टेम्पो सांगू नकोस," ते म्हणाले. "अडतीस पानं लिहायची आहेत, एक महिना तरी लागेल. तूच ये इकडे, सवड काढून. हो, माधवाच्या समोर बसून शीक. काय म्हणतोस, त्याला विचारलंय का?"

त्यांनी फोन किंचित बाजूला धरून माधवरावांकडे पाहिलं.

"येऊ दे त्याला," माधवराव म्हणाले. "पण विचार, विणता येतं का काही? नुसता रंग शिकून काय करणार?"